जो तास लिहिलाच नाही, त्याचा दुप्पट मोबदला कसला?

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

कारखान्यातल्या कामाचे दिवसाचे तास नऊवरून बारा करायला राज्य मंत्रिमंडळाने सप्टेंबर २०२५ मध्ये मान्यता दिली, तेव्हापासून या विषयावर जे जे छापून येतं ते मी वाचतो आहे. कोणी म्हणतं उद्योग येतील, कोणी म्हणतं कामगार पिळून निघेल. दोन्ही बाजूंचे लोक एक गोष्ट मात्र धरूनच चालतात, की जादा तासांचा दुप्पट मोबदला तर मिळेलच. मला त्या ‘मिळेलच’बद्दल लिहायचं आहे.

मी एकतीस वर्षं एका कारखान्याच्या टाइम ऑफिसात हजेरी लिहिली. ओटीचे, म्हणजे ओव्हरटाईमचे, पैसे अकाउंट्स खातं देतं, पण ओटीचे तास टाइम ऑफिस लिहितं. अकाउंट्सवाल्याने हिशेबात गडबड केली तर पगारपत्रकावर ती दिसते, माणूस भांडायला येतो. टाइम ऑफिसने तास खाल्ला तर तो कुठेच दिसत नाही. माझ्या नोकरीत दुप्पट दर द्यायला मालकाने उघड नकार दिल्याचं मला एकदाही आठवत नाही. त्याची गरजच पडली नाही.

आमच्याकडे दोन वह्या असत. कच्ची आणि पक्की. कच्ची पेन्सिलीची. सुपरवायझर रात्री चिठ्ठी पाठवायचा, ‘प्रेस शॉप, चार माणसं, साडेतीन तास’, ती मी कच्चीत उतरवायचो. महिनाअखेरीला व्यवस्थापक कच्ची घेऊन बसायचे आणि त्यातलं किती पक्कीत जाईल ते ठरायचं. पक्की शाईची, शिक्क्याची, तपासणीला आलेल्यांपुढे ठेवायची. पक्कीत कोणाचाच ओटीचा तिमाहीचा आकडा मर्यादेच्या वर जात नसे. ही मर्यादा कारखाना अधिनियम, १९४८ मध्ये मूळची ५० तासांची, विशेष परवानगीने ७५; महाराष्ट्राने २०१५च्या दुरुस्तीने ती ११५वर नेली आणि आता १४४चा निर्णय आहे. ती वाढल्याने खरोखर केलेलं काम किती वाढेल मला ठाऊक नाही, कारण ११५ होण्याआधीही माझ्या कच्चीत तिमाहीला दोनशे तासांच्या घरातली माणसं होती. मर्यादेने काम थांबलं नाही, लिहिणं थांबलं. मर्यादेपलीकडचे पैसे अजिबात मिळत नसत असं मात्र नाही. ते व्हाउचरवर मिळत, ‘प्रवास भत्ता’ किंवा ‘उत्पादन बक्षीस’ या नावाखाली, आणि सिंगल दराने. ओटी म्हणून दाखवले असते तर त्यावर ईएसआयची, म्हणजे कामगार विम्याची, वर्गणी लागली असती, शिवाय दर डबल. व्हाउचरने दोन्ही वाचायचं. माणसाला वाटे, रोख मिळतंय, बरंय.

आता तेव्हाचा कायदा काय म्हणायचा ते टाइम ऑफिसच्या भाषेत सांगतो, कारण वकिलांच्या भाषेत तो फार सोपा वाटतो. कारखाना अधिनियमाचं कलम ५९ सांगायचं, दिवसाला नऊ तासांच्या वर किंवा आठवड्याला ४८ तासांच्या वर काम झालं, तर वरच्या तासांना साधारण दराच्या दुप्पट. यातल्या ‘किंवा’वर अख्खा खेळ चालतो. समजा, एक माणूस रोज आठ तास, सहा दिवस काम करतो. सोमवारी त्याला दहा तास थांबवलं. दिवसाच्या हिशेबाने ओटी एक तास. पण आठवडा झाला पन्नास तासांचा, म्हणजे ओटी दोन तास. त्याला द्यायला हवेत दोन. आम्ही लिहायचो एक. आता तोच माणूस शनिवारी गैरहजर राहिला. आठवडा बेचाळीस तासांचा झाला, पण सोमवारचा नवावरचा तास तर झालेलाच आहे, तो द्यायलाच हवा. तिथे आम्ही उलटा न्याय लावायचो, ‘आठवडा भरला नाही, ओटी नाही.’ एकाच ‘किंवा’ची जी बाजू स्वस्त पडेल ती त्या आठवड्यापुरती धरायची.

रात्रपाळीचं तर विचारूच नका. दुसऱ्या पाळीचा माणूस दुपारी चारला आत आला, रात्री बाराला त्याचा रिलिव्हर आलाच नाही. ‘डबल मार’ म्हणून त्याला सकाळी आठपर्यंत थांबवलं. झाले सलग सोळा तास. पण मध्यरात्री तारीख बदलते. मग पक्कीत मंगळवारी आठ, बुधवारी आठ, आणि बुधवारी दुपारी त्याला घरी ठेवायचं. कुठल्याच तारखेला नऊच्या वर आकडा नाही, आठवडाही अठ्ठेचाळीसचा! कायदा करणाऱ्यांना ही युक्ती ठाऊक असावी, कारण त्याच अधिनियमाचं कलम ५७ नेमकं हेच सांगायचं. पाळी मध्यरात्र ओलांडत असेल, तर बारानंतरचे तास आदल्या दिवसातच मोजायचे, आणि पाळी संपली की पुढचे चोवीस तास हा त्याचा दुसरा दिवस. म्हणजे ते सोळाही तास मंगळवारचेच, आणि त्यातले सात ओटीचे. एकतीस वर्षांत हे कलम मला एकाही कामगाराने दाखवलं नाही. मला ते ठाऊक होतं.

रविवारची वसुलीही अशीच चाले. रविवारी बोलवायचं आणि नंतर कधीतरी ‘बदली सुट्टी’ द्यायची म्हणून ओटी नाही. ज्या रविवारसाठी नारायण मेघाजी लोखंडे यांनी गिरणी कामगारांच्या सभा भरवल्या, अर्ज केले आणि जो शेवटी १० जून १८९० रोजी पदरात पडला, त्याची ही गत. बदली सुट्टी विश्रांतीची भरपाई करते. त्या आठवड्यात ४८च्या वर झालेले तास तिने पुसले जात नाहीत.

मग दराकडे येऊ. ‘डबल ओटी’ म्हटलं की लोक समाधानाने मान हलवतात. कशाच्या डबल, ते विचारत नाहीत. माझ्या नेहमीच्या उदाहरणातले आकडे सोयीसाठी गोल धरले आहेत. मूळ पगार १०,४०० आणि भत्ते मिळून एकूण २०,८०० रुपये. महिन्याचे सव्वीस दिवस, दिवसाचे आठ तास, म्हणजे २०८ तास. एकूण पगारावर ताशी दर शंभर रुपये, दुप्पट दोनशे. पण हिशेब नुसत्या बेसिकवर केला तर ताशी पन्नास आणि दुप्पट शंभर. म्हणजे कागदावर डबल, हातात सिंगल. आणखी हुशार माणूस सव्वीसऐवजी तीसने भागतो, मग तो शंभरही ८६ रुपये ६७ पैशांवर येतो. कलम ५९ मध्ये साधारण दर म्हणजे मूळ वेतन अधिक माणूस त्या वेळी ज्या भत्त्यांना पात्र असेल ते, असं लिहिलेलं होतं. बोनस आणि खुद्द ओटी तेवढे वगळायचे. नव्या वेतन संहितेत वेतनाची व्याख्या वेगळी आहे. घरभाडे, प्रवास असे काही भत्ते तिच्यातून वगळले आहेत, पण वगळलेली रक्कम एकूण पगाराच्या निम्म्याच्या वर गेली तर वरचा भाग वेतनातच धरायचा. भत्त्यांची फोड करून बेसिक खाली दाबायची जुनी सवय यापुढे निम्म्यावर अडेल, एवढं तरी झालं.

मिनिटांची गोष्ट लहान वाटेल. आमचा नियम होता, अर्ध्या तासाखालचं धरायचं नाही. पंचवीस मिनिटं जादा झाली तर शून्य. सकाळी सहा मिनिटं उशीर झाला तर मात्र पाऊण तास कट. दोन्ही नियम मीच एका कागदावर टाईप करून गेटजवळ लावले होते, शेजारी शेजारी. कोणी हसलंसुद्धा नाही.

आता जे सांगतो ते यापूर्वी कुठेच सांगितलेलं नाही. प्रेस शॉपमधला एक हेल्पर सकाळी सातला आत आला, हे मी खिडकीतून स्वतः पाहिलं होतं. मला हात करून गेला होता, ‘तात्या, कालचे तास लिहिले ना?’ साडेतीनला त्याची पाळी संपली, त्याला थांबवलं. संध्याकाळी पावणेआठला प्रेसच्या डायखाली, म्हणजे साच्याखाली, त्याची दोन बोटं गेली. सकाळपासूनचा तेरावा तास चालू होता. पक्कीत मात्र तो साडेतीनला बाहेर पडलेला. जो माणूस कागदावर घरी गेलाय त्याला कारखान्यात अपघात कसा होणार? रात्री नऊला मला घरून बोलावून घेतलं. व्यवस्थापक म्हणाले, “त्याला दुसऱ्या पाळीला टाका. अख्खा आठवडा टाका, एकच दिवस संशयास्पद दिसेल.” मी ब्लेडने खरवडून तो आठवडा बदलला. शाई खरवडलेल्या कागदावर दुसरी शाई फुटते, म्हणून आधी नखाने घासून कागद गुळगुळीत करावा लागतो. मला ते चांगलं जमायचं. अपघाताच्या अहवालात लिहिलं गेलं की पाळीच्या चौथ्या तासात, कामगाराच्या निष्काळजीपणामुळे.

त्याला विम्याचे लाभ मिळाले. वही बदलली नसती तर कदाचित अडकले असते, म्हणून त्याच्या घरच्यांनी माझे आभार मानले. ते आभार मी घेतले. पण तेराव्या तासाला माणसाचा हात चुकतो, ही गोष्ट त्या दिवशी सरकारच्या, विम्याच्या आणि कारखान्याच्याही कागदावरून मी पुसून टाकली. बारा तासांच्या दिवसाने अपघात वाढतात की नाही यावर उद्या कोणी आकडेवारी मागेल, तेव्हा अशाच वह्यांतून ती निघणार आहे.

ठेकेदाराच्या पोरांबद्दल फार लिहीत नाही. त्यांची कच्चीही नव्हती, ठेकेदाराच्या खिशातल्या डायरीवर सगळं. आणि ज्यांना ‘असिस्टंट सुपरवायझर’ असं नाव देऊन पाळीचे सगळे तास मशीनवरच उभं केलं, त्यांना ओटी लागू नाही असं सांगायचो. कायद्यातली सूट देखरेखीच्या आणि व्यवस्थापनाच्या जागेवरील माणसाला आहे. ओळखपत्रावरचा हुद्दा कोणी पाहायचा नसतो, तो दिवसभर करतो काय ते पाहायचं असतं.

आता सगळीकडे बोटाचे ठसे आणि चेहरा ओळखणारी यंत्रं आली, तेव्हा हा काळ संपला असं लोक मला सांगतात. यंत्र आलं तेव्हा मी नोकरीत होतो. यंत्र वेळ बरोबर टिपतं, यात शंका नाही. पण यंत्राच्या मागे सॉफ्टवेअर असतं आणि त्यात एक खाना असतो, ‘ओटी मंजूर’. सुपरवायझरने टिचकी मारली नाही तर यंत्राने टिपलेले तीन तास शून्य होतात. जेवणाचा अर्धा तास आपोआप वजा होतो, माणूस जेवायला गेला असो वा नसो. आणि सगळ्यात साधा उपाय म्हणजे साडेतीनला सगळ्यांनी पंच करून बाहेर यायचं आणि मागच्या दाराने पुन्हा आत जायचं. कच्ची वही गेली, कच्चं काम राहिलं.

ओटीला कामगाराची संमती हवी, असं नव्या व्यावसायिक सुरक्षा संहितेत आहे आणि राज्याच्या निर्णयात ती लेखी हवी असंही आहे. चांगलं आहे. पण नोकरीवर रुजू होताना जे आठ-दहा फॉर्म भरून घेतले जातात, त्यात हा एक अकरावा येईल, तारीख मोकळी सोडून. असे फॉर्म मीच भरून घेत असे. संमती घ्यायची तर त्या दिवसाची, त्या तासांची घ्यावी.

चारही कामगार संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाल्या. त्यातल्या वेतन संहितेतल्या दोन गोष्टींची चर्चा व्हायला हवी तेवढी झाली नाही. पैसे कमी मिळाल्याचा दावा करायला पूर्वी वेतन प्रदान अधिनियमात बारा महिन्यांची मुदत होती, आता तीन वर्षांची आहे. आणि देणं चुकतं केलं हे सिद्ध करायची जबाबदारी मालकावर टाकली आहे. ऐकायला उत्तम. पण मालक सिद्ध कशाने करणार? पक्की वही दाखवून. ‘एवढे तास झाले, एवढ्यांचे दिले.’ तास किती झाले हाच वाद असेल, तर ज्याची वही त्याचा शब्द राहतो.

तत्त्व म्हणून दुप्पट दर आपल्याकडे पक्का आहे. टाळेबंदीच्या काळात गुजरात सरकारने अधिसूचना काढून दिवसाला बारा तास काम आणि जादा तासांना साध्याच दराने पैसे अशी मुभा दिली होती. सर्वोच्च न्यायालयाने ती १ ऑक्टोबर २०२० रोजी रद्द केली आणि त्या काळातला ओव्हरटाईम कायद्याप्रमाणे द्यायला लावला. त्या निकालाचा फायदा कोणाला झाला असेल? ज्यांचे तास लिहिलेले होते, त्यांना.

नोंद नसेल तर काय करायचं, हा प्रश्न इतरांनाही पडलेला आहे. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९४६ साली मातीची भांडी बनवणाऱ्या एका कारखान्याच्या खटल्यात म्हटलं की मालकाने नीट नोंद ठेवली नसेल तर कामगाराने दिलेला वाजवी अंदाज पुरे. तो खोडून काढायचं काम मालकाचं. युरोपीय संघाच्या न्यायालयाने १४ मे २०१९ रोजी सांगितलं की प्रत्येक कामगाराचे रोजचे तास मोजणारी वस्तुनिष्ठ, भरवशाची आणि त्यालाही पाहता येईल अशी व्यवस्था मालकाने ठेवलीच पाहिजे. यातला ‘त्यालाही पाहता येईल’ हा भाग माझ्या नोकरीत मी प्रत्यक्षात कधी पाहिला नाही.

आमच्याकडे एक वेल्डर होता. तो भिंतीवरच्या कॅलेंडरात रोजच्या चौकोनात दोन आकडे लिहायचा, आत आल्याची वेळ आणि बाहेर पडल्याची. दरवर्षीचं कॅलेंडर गुंडाळी करून ठेवायचा. निवृत्तीच्या हिशेबाला आला तेव्हा बगलेत नऊ गुंडाळ्या होत्या. व्यवस्थापक हसले, “कॅलेंडर काय पुरावा असतो का?” मला म्हणाले, पक्की काढा. मी काढली. शेवटच्या वर्षाचाच मेळ घातला, तर त्याचे आकडे माझ्या पक्कीपेक्षा १६३ तासांनी जास्त निघाले. माझ्या कच्चीशी त्यांचा फरक होता दोन तासांचा, आणि त्या दोन तासांत चूक माझी होती. कच्ची माझ्या खणात होती. मी खण उघडला नाही. तो गुंडाळ्या उचलून गेला.

म्हणून माझी मागणी एकच आहे, आणि राज्याचे नियम बनवणाऱ्यांपर्यंत आपल्या वृत्तपत्रातून ती पोचावी एवढीच विनंती. ज्या दिवशी जादा काम झालं त्याच दिवशी, गेटमधून बाहेर पडण्याआधी, तासांची चिठ्ठी कामगाराच्या हातात पडली पाहिजे. कागदाची असो वा मोबाइलवरचा संदेश असो. आत कधी आला, बाहेर कधी पडला, ओटी किती. महिन्याच्या पगारचिठ्ठीवर नुसती ओटीची रक्कम नको, तास आणि ताशी दरही हवा, म्हणजे भागाकार कशाने केला ते दिसेल. आणि मालकाची वही व कामगाराजवळच्या चिठ्ठ्या जुळल्या नाहीत तर चिठ्ठी खरी धरावी. याला खर्च काही नाही. जे यंत्र सहा मिनिटं उशीर झाल्याचा संदेश सकाळी पाठवतं, ते संध्याकाळी हाही पाठवू शकतं.

कामगारांना सांगणं एवढंच, की चिठ्ठी मिळो न मिळो, घरी लिहून ठेवा. रोजच्या रोज लिहा, महिन्याचं एकदम नको. एका बैठकीत लिहिलेलं अक्षर ओळखू येतं. मी ओळखायचो.

माझं नाव कृपया छापू नये. मला स्वतःला आता कसली भीती नाही, हिशेब पूर्ण झाला आहे. पण माझ्या खुर्चीवर आज जो मुलगा बसतो त्याला दोन्ही वह्या लिहायला मीच शिकवलं, आणि त्याची नोकरी अजून बरीच बाकी आहे.

आपला,
एक निवृत्त टाइमकीपर